एका टाकीत कोण कोणासोबत? छोट्या माशांचे सोबती निवडताना

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या मासेविक्रीच्या दुकानात एका काचेत निऑन टेट्रा, दुसरीत गप्पी, तिसरीत टायगर बार्ब आणि पलीकडे नाण्याएवढे एंजल दिसतात. सगळे छोटे आणि सगळे रंगीत. मुलांना प्रत्येकातले दोन-दोन हवे असतात आणि दुकानातून तसे भरूनही मिळतात. महिनाभरात त्यातले बरेचसे मरतात. मग ‘आम्हाला मासे लाभत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर जाते.

लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. आपण आधी रंग बघतो आणि पाणी, ऊन, जागा, संख्या, स्वभाव यांचा विचार मासे घरी आल्यावर करतो. हा क्रम उलटा केला, तर यातले बहुतेक मृत्यू टळतात. म्हणून निवडीच्या पायऱ्या इथे ओळीने दिल्या आहेत. त्यासाठी आधीचा काही अनुभव लागत नाही. एक वही आणि दोन महिन्यांचा धीर असला की पुरे.

पायरी पहिली: आपल्या नळाचे पाणी ओळखणे

कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे पाणी येते. ठाण्याला भातसा आणि उल्हास या नद्यांचे पाणी महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्यामार्फत मिळते, तर काही भागांत मुंबई महापालिकेचे पाणी येते. पावसावर भरणाऱ्या आणि बेसाल्ट खडकावरून वाहणाऱ्या या नद्यांचे पाणी साधारणपणे मृदू असते, म्हणजे त्यात क्षार कमी असतात आणि साबणाला फेस चांगला येतो.

पण सोसायटीच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल, तर हे गणित बदलते. ते पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असू शकते. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडांवर पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे.

नेमके कळण्यासाठी दोन स्वस्त साधने घ्यावीत. एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देणारे पेनासारखे यंत्र. दुसऱ्या असतात पीएच पट्ट्या. पीएच म्हणजे पाणी आम्लाकडे झुकते की अल्काकडे, हे सांगणारा आकडा. ७ हा मध्य, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. टीडीएस १५० च्या आत असेल तर पाणी मृदू धरून चालावे, ३०० च्या वर असेल तर जड. आठवड्यातून दोन-तीनदा मोजून वहीत लिहावे, कारण टँकर येतो त्या दिवशीचा आकडा वेगळा असतो.

याचा सोबत्यांशी संबंध असा. निऑन, कार्डिनल, रासबोरा हे मासे मूळचे मृदू, किंचित आम्ल पाण्यातले आहेत. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड, किंचित अल्क पाणी मानवते. मॉली आणि निऑन एकमेकांशी भांडत नाहीत, तरी ते चांगले सोबती नव्हेत. एकाला सोसणारे पाणी दुसऱ्याला हळूहळू कमजोर करते.

इथे एक चूक वारंवार होते. पाणी ‘शुद्ध’ असावे म्हणून घरातल्या आरओचे पाणी टाकीत भरले जाते. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच स्थिर राहत नाही. नळाच्या पाण्याला साजेसे मासे निवडणे हा सर्वांत सोपा आणि टिकणारा मार्ग आहे.

पायरी दुसरी: घरातला उन्हाळा मोजणे

मासा आपल्या शरीराचे तापमान राखत नाही. पाण्याचे तापमान तेच त्याचे तापमान. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टाकीचे पाणी सहज ३१-३२ अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसात. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते.

म्हणून ‘ट्रॉपिकल’ म्हणजे उष्ण प्रदेशातला मासा आपल्याकडचा उन्हाळा सोसेलच, असे धरून चालू नये. निऑनला २१ ते २५ अंश आवडतात. त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा, ज्याची लाल पट्टी पोटाखाली डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते, तो २८ अंशांपर्यंत सुखात राहतो. आपल्या भागात या दोघांत निवड करायची तर कार्डिनल घ्यावा. गोल्डफिश तर थंड पाण्यातला आणि मोठा होणारा मासा आहे. छोट्या उष्णकटिबंधीय माशांबरोबर त्याला ठेवूच नये.

उन्हाळ्यात टाकीचे झाकण थोडे उघडून त्यावर जाळी घालावी आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लावावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाचे तुकडे टाकू नयेत. तापमानाचा झटका उष्णतेपेक्षा घातक ठरतो.

वीज जाते तेव्हा काय, हेही आताच ठरवावे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. गोरामी आणि फायटर यांच्या डोक्यात पृष्ठभागावरची हवा घेण्यासाठी खास अवयव असतो, त्यामुळे असे दोन-तीन तास ते निभावतात. टेट्रा आणि बार्ब यांना ती सोय नाही.

पायरी तिसरी: टाकी मुरू देणे

सोबती चुकीचे निवडले म्हणून मासे मेले असे वाटते, तेव्हा पुष्कळदा खरे कारण टाकी नवी असणे हे असते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते.

हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर खाद्य टाकून, मासे न घालता टाकी चालवावी. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणावा. काम लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य आले की टाकी तयार झाली.

पाणी भरताना क्लोरीन काढणे विसरू नये. दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब पुरतात किंवा बादलीभर पाणी हवेचा दगड लावून चोवीस तास ठेवावे. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्धीकरणात क्लोरीनचे प्रमाण बदलते. त्या महिन्यांत एका वेळी कमी पाणी बदलावे आणि थेंब टाकायला चुकू नये.

पायरी चौथी: मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल?

दुकानातला जवळजवळ प्रत्येक मासा पिल्लू असतो. म्हणून दिसते ती लांबी न बघता पूर्ण वाढीची लांबी विचारावी आणि घरी येऊन ताडून बघावी.

नियम सोपा आहे. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो कधी ना कधी खाल्ला जातो. यात दुष्टपणा नसतो. एंजल आज नाण्याएवढा आहे, पण वर्षभरात त्याचे अंग १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. त्याच्याबरोबर सहा महिने शांतपणे राहिलेले निऑन एकेक करून नाहीसे होऊ लागतात, ते याच कारणाने.

काही नावे फसवी असतात. ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ म्हणून बोटभर मिळणारा प्लेको दीड फुटापर्यंत जातो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा रुपेरी, चपळ मासा शार्क नसून पंगॅशियस आहे. हॉटेलांत ‘बासा’ म्हणून ताटात येणारा मासा बहुधा हाच, आणि तो एक मीटरच्या पुढे वाढतो. ‘पिरान्हा’ म्हणून मिळणारे लाल पोटाचे पिल्लू बहुतेक वेळा पाकू असते. मासळी बाजारात आपण त्याला रूपचंद म्हणून ओळखतो. यांतला एकही मासा घरातल्या छोट्या टाकीसाठी नाही.

शेवाळ खाणारा छोटा सोबती हवाच असेल, तर ब्रिसलनोज प्लेको विचारावा. तो १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो. ‘गोल्डन अल्गी ईटर’ टाळावा. लहानपणी तो शेवाळ खातो, पण मोठा झाल्यावर तापट होतो आणि चपट्या अंगाच्या माशांच्या त्वचेवरचा चिकट थर ओरबाडतो.

पायरी पाचवी: पहिला सोबती स्वजातीचा

या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी गोष्ट हीच आहे. टेट्रा, रासबोरा, बार्ब, झेब्रा डॅनिओ, कोरिडोरस (म्हणजेच कोरी) हे थव्याने राहणारे मासे आहेत. थव्यात भीती विभागली जाते, त्यामुळे एकेका माशाच्या वाट्याला ती कमी येते. दोनच निऑन ठेवले तर ते कोपऱ्यात दडतात, फिके पडतात, नीट खात नाहीत आणि आजाराला लवकर बळी पडतात.

म्हणून पाच जातींचे दोन-दोन मासे घेण्याऐवजी एका जातीचे दहा घ्यावेत. टेट्रा आणि रासबोरा किमान आठ, कोरी किमान सहा, टायगर बार्ब किमान आठ ते दहा.

टायगर बार्बची बदनामी बरीच या संख्येमुळे झाली आहे. तीन-चारच असले की ते दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. दहा-बाराच्या थव्यात त्यांची चढाओढ मुख्यतः आपसांत चालते, कोण वरचढ हे ते आपापल्यात ठरवत राहतात आणि इतरांकडे त्यांचे लक्ष कमी जाते.

पिल्ले देणाऱ्या माशांत, म्हणजे गप्पी, मॉली, प्लॅटी यांत, नर-मादीचे प्रमाण बघावे. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर एकाच मादीच्या मागे लागून नर तिला दमवून टाकतात. गप्पीची मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देते, हेही आधीच जाणून घ्यावे. पिल्लांची सोय करणे शक्य नसेल, तर फक्त नर ठेवावेत. रंग आणि शेपट्या त्यांच्याच मोठ्या असतात.

गप्पीविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही आरोग्य विभागाची घोषणा आपल्याला माहीत असते आणि विहिरींत, हौदांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी आपण पाहिलेलेही असतात. त्यामुळे गप्पी कुठेही जगतो असे वाटते. तो काटक गप्पी साधा असतो. दुकानातला पंख्यासारख्या शेपटीचा गप्पी पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी वाढवलेला आहे. तो नाजूक असतो आणि त्या शेपटीमुळे जोरात पळूही शकत नाही. त्याला तितकेच शांत सोबती लागतात.

पायरी सहावी: पाण्यातले तीन थर

टाकीत वरचा, मधला आणि तळाचा असे तीन थर मानावेत. झेब्रा डॅनिओ आणि गप्पी बराच वेळ वर फिरतात. टेट्रा, रासबोरा, बार्ब मध्यावर राहतात. कोरिडोरस आणि कुहली लोच तळाशी. सोबती वेगवेगळ्या थरांतले निवडले, तर तेवढ्याच पाण्यात गर्दी जाणवत नाही आणि खाद्यासाठी झोंबाझोंबी कमी होते.

तळाच्या माशांबाबत मोठी चूक होते. ते ‘उरलेले खाऊन साफसफाई करतात’ असे सांगून विकले जातात आणि मग त्यांना वेगळे खाद्य कोणी देत नाही. वरचे मासे तळापर्यंत फारसे काही पोचू देत नाहीत, त्यामुळे कोरी हळूहळू उपाशी मरते. तिच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवे मालवल्यावर टाकाव्यात. तळाला टोकदार खडीऐवजी बारीक, गुळगुळीत वाळू असावी, म्हणजे तिला मिशांनी चाळून खाता येते. कोरी मधूनच झर्रकन वर येऊन हवा घेते, ते आजाराचे लक्षण नाही.

पायरी सातवी: स्वभाव आणि शेपट्या

आता स्वभाव. इथे एकच प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्या यादीत लांब पर असलेला मासा आहे का आणि कुरतडणारा मासा आहे का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर एकाला वगळावे.

लांब परांचे मासे म्हणजे एंजल, फायटर, गप्पी आणि लांब शेपटीच्या जाती. कुरतडणारे म्हणजे टायगर बार्ब, सर्पी टेट्रा आणि थोड्या प्रमाणात विडो टेट्रा. केरळच्या नद्यांतला मटारएवढा पफर हल्ली दुकानांत दिसतो. तो गोड दिसतो, पण इतरांचे पर तोडतो. त्याची टाकी स्वतंत्रच हवी.

फायटर म्हणजे बेट्टा. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. पण एकटा नरही भडक रंगाच्या, मोठ्या शेपटीच्या गप्पीला प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर धावून जाऊ शकतो. त्याला वेगळी, झाडे असलेली टाकी द्यावी. छोट्या काचेच्या भांड्यात त्याला शोभेसाठी ठेवणे क्रूरपणा आहे. त्यालाही फिल्टर, ऊब आणि फिरायला जागा लागते.

काही मासे जागेचे मालक असतात. लाल शेपटीचा काळा शार्क आणि ड्वार्फ गोरामीचे नर टाकीचा एक भाग आपला मानतात आणि दुसऱ्याला तिथे येऊ देत नाहीत. गोरामी हवाच असेल, तर हनी गोरामी घ्यावा. तो भारतातलाच, सौम्य आणि ऊब सोसणारा आहे.

आपल्या भूमीतल्या माशांविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गोव्याच्या नद्यांतला नारायण बार्ब हा पाच-सहा सेंटिमीटरचा देखणा मासा छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये शास्त्राला नव्याने ओळखून दिला. बोमन छापगर हे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर होते. हा मासा शांत आहे आणि थव्यात शोभतो, पण निसर्गात त्याची संख्या धोक्यात आहे. म्हणून असा मासा घेताना तो नदीतून पकडलेला नसून पैदास केलेला आहे, याची खात्री करूनच घ्यावा.

पायरी आठवी: यादी कागदावर मांडणे

आता वही काढावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा नेहमीच्या टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण ५५ लिटर पाणी राहते. काच, वाळू आणि पाणी धरून वजन पाऊणशे किलोच्या आसपास जाते. त्यामुळे ती टीव्हीच्या कपाटावर ठेवू नये, मजबूत स्टँडवर ठेवावी.

या टाकीसाठी, मृदू नळाचे पाणी असेल तर: दहा कार्डिनल टेट्रा, सहा कोरिडोरस आणि एक हनी गोरामी. कोरींत स्टर्बाय ही जात मिळाली तर उत्तम, ती उष्णता चांगली सोसते. तिन्ही शांत आहेत, कार्डिनल मध्यावर, कोरी तळाशी आणि गोरामी वरच्या बाजूला राहतो, आणि २५ ते २८ अंश तिघांनाही चालतात.

जड पाणी असेल तर: आठ ते दहा नर गप्पी, पाच नर प्लॅटी आणि दोन मिस्टरी गोगलगायी. पिल्लांचा प्रश्न येत नाही आणि क्षारयुक्त पाणी गोगलगायींच्या कवचालाही हवे असते.

चपळ, खेळकर टाकी आवडत असेल, तर तीन फुटी टाकीत बारा टायगर बार्ब आणि एक ब्रिसलनोज. यात लांब शेपटीचा कोणीही पाहुणा घालू नये.

या तिन्ही याद्यांत जाती दोन-तीनच आहेत, हे लक्षात घ्यावे. चौथी जात घालायचा मोह होतो, तेव्हा आधीच्या थव्यात दोन मासे वाढवावेत. टाकी अधिक भरलेली दिसते आणि मासेही अधिक मोकळे होतात.

पायरी नववी: खरेदी आणि घरापर्यंतचा प्रवास

जवळच्या दुकानातून घेणे सर्वांत चांगले, कारण त्यांचे आणि आपले पाणी बहुधा एकाच योजनेचे असते. निवड जास्त हवी म्हणून कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जायचे, तर गर्दीची वेळ टाळावी. मध्य रेल्वेच्या संध्याकाळच्या लोकलमध्ये पिशवी चेंगरते आणि पाणी तापते. सोबत छोटा थर्माकोलचा डबा न्यावा. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा असावी.

दुकानात दहा मिनिटे नुसते बघत राहावे. मासे खातात का, हे दाखवायला सांगावे. त्या काचेत मेलेला मासा असेल, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील, पर मिटलेले असतील किंवा पोट खपाटीला गेले असेल, तर त्या काचेतला एकही मासा घेऊ नये, मग बाकीचे कितीही चांगले दिसोत. इंजेक्शनने रंग भरलेले निळे-गुलाबी मासेही घेऊ नयेत. ती वेदना आपल्या पैशांवर चालते.

पायरी दहावी: टाकीत सोडण्याचा क्रम

शक्य असेल तर नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावेत. याला विलगीकरण म्हणतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुधा नव्या माशाबरोबरच घरात येतो आणि एकदा मुख्य टाकीत शिरला की सर्वांना गाठतो.

सोडताना दिवे मालवावेत. बंद पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी आपल्या टाकीतले अर्धी वाटी पाणी तीत घालावे, असे अर्धा तास. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. दुकानाचे पाणी टाकीत ओतू नये.

क्रम असा: आधी थव्याने राहणारे शांत मासे, दोन आठवड्यांनी तळाचे आणि सर्वांत शेवटी जागेची मालकी सांगणारा मासा. मालक आधी आला, तर सारी टाकी त्याची होते आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला तो घुसखोर समजतो. दोन गटांमधले हे अंतर जिवाणूंसाठीही आवश्यक आहे. मासे एकदम वाढले की अमोनिया पुन्हा वाढतो.

पायरी अकरावी: पहिले पंधरा दिवस

रोज खाद्य देताना पाच मिनिटे मोजणी करावी. सगळे आले का? कोण मागे राहिला? दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

थोडा पाठलाग चालतोच. दोन नर पर फुलवून एकमेकांसमोर उभे राहिले आणि काही क्षणांत आपापल्या वाटेने गेले, तर काळजी नको. पण एकच मासा सतत एकालाच हाकलत असेल, हाकललेला हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहत असेल, जेवायला येत नसेल किंवा त्याची शेपटी फाटली असेल, तर त्याच दिवशी हस्तक्षेप करावा.

अशा वेळी मार खाणाऱ्याला बाहेर काढून उपयोग कमी. दांडगट दुसरा शोधतो. दांडगटालाच टाकीतल्या जाळीच्या डब्यात तीन-चार दिवस ठेवावे आणि तेवढ्यात दगड, झाडे, लाकूड यांची मांडणी बदलावी. जागा अनोळखी झाली की जुन्या मालकीच्या सीमा पुसल्या जातात. थव्याची संख्या कमी असेल, तर ती पुरी करावी. बरेच भांडण यानेच मिटते.

सगळेच मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ते भांडण नव्हे. प्राणवायू कमी पडला आहे किंवा अमोनिया वाढला आहे. लगेच हवा वाढवावी, चाचणी करावी आणि पाव हिस्सा पाणी बदलावे.

पायरी बारावी: जमलेच नाही तर

कधी कधी सगळे करूनही दोन मासे एकत्र राहू शकत नाहीत. अशा वेळी मासा दुकानात परत द्यावा. पैसे मिळाले नाहीत तरी बरेच दुकानदार मासा ठेवून घेतात. सोसायटीच्या ग्रुपवर विचारले तर मासे पाळणारे शेजारीही भेटतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. नको झालेला मासा ठाण्याच्या मासुंदा तलावात, उपवनला, कल्याणच्या काळ्या तलावात किंवा उल्हास नदीत सोडू नये. त्यात दया नाही. नाजूक मासा तिथे मरतो आणि काटक मासा स्थानिक माशांची जागा बळकावतो. छंदाच्या टाक्यांतून सुटलेला सकर आज देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत पसरला आहे. उजनीच्या जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, त्याला भाव मिळत नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.

कार्डिनल टेट्रा चार-पाच वर्षे जगू शकतो आणि नीट सांभाळलेली कोरी दहा वर्षेही. आज तिसरीत असलेले मूल दहावी ओलांडेपर्यंत ती त्याच टाकीत, त्याच सोबत्यांमध्ये राहणार आहे. एवढ्या वर्षांचा निर्णय दुकानाच्या काचेसमोर पाच मिनिटांत घेऊ नये. यादी घरी बसून करावी, पाणी आणि तापमान मोजून करावी आणि पहिल्या फेरीत एकाच जातीचा पुरा थवा आणावा. बाकीचे सोबती दोन आठवड्यांनी आणले तरी चालतात.